रेंज नसेल तर पैसे कोणी भरायचे?

गेल्या अंकात कॉल मध्येच तुटण्याबद्दल लिहिलं आणि त्यावर आलेली बहुतेक पत्रं घरातल्या रेंजचीच निघाली. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवते. मोबाइल कंपन्यांच्या रेडिओ विभागात उमेदीची वर्षं गेली आहेत, तेव्हा या विषयावर जरा सैल सुटले तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, स.न.वि.वि. कोथरूडमधली आमची जुनी इमारत पाडून अकरा मजली नवी बांधली. आम्हाला दुसरा मजला मिळाला. घर सुरेख आहे, पण हॉलमध्ये रेंजची एक काडी आणि बेडरूममध्ये तीही नाही. फोन घ्यायला जिन्यात जाऊन उभं राहावं लागतं. कस्टमर केअरला कळवलं की 'तुमच्या भागात नेटवर्क ठीक आहे' असं उत्तर येतं. आता एक गृहस्थ गच्चीवर अँटेना आणि घरात बूस्टर बसवून द्यायला तयार आहेत. १४ हजार सांगतात, पक्कं बिल देतात. आमचे 'हे' म्हणतात, रिचार्ज आपण मारायचा आणि रेंजही आपणच विकत घ्यायची? मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, इकडे सर्रास घेतात, घेऊन टाका. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : यजमानांची तक्रार रास्त आहे. मुलाचा सल्ला तो राहतो तिथे चालेल. आणि १४ हजारवाल्या गृहस्थांना चहा पाजून परत पाठवा.

आधी त्या गृहस्थांचं बघू. मोबाइल सिग्नलचा बूस्टर किंवा रिपीटर खासगी माणसाने आपल्या देशात बाळगणं, विकणं, वापरणं हे तिन्ही बेकायदा आहे. परवाना असलेल्या मोबाइल कंपनीलाच तो बसवता येतो. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हेच चालत आलं आहे, आणि दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये जनतेला जाहीर सूचना देऊन ते पुन्हा बजावलं. ऑनलाइन दुकानांत तो राजरोस दिसतो, त्यावर जीएसटी लागतो, पक्कं बिलही मिळतं. त्या बिलाने वस्तू कायदेशीर होत नाही, फक्त ती कोणी घेतली याचा पुरावा तयार होतो.

कायदा इतका कडक का, ते समजून घ्या, कारण विकणारा ते सांगणार नाही. बूस्टर दोन्ही दिशांनी काम करतो. टॉवरकडून येणारा आवाज मोठा करून तुम्हाला देतो आणि तुमच्या फोनचा आवाज मोठा करून टॉवरकडे पाठवतो. स्वस्तातल्या यंत्राला सिग्नल कुठला आणि कचरा कुठला हे कळत नाही, ते दोन्ही वाढवतं. त्यातून गच्चीवरचा अँटेना आणि घरातला अँटेना एकमेकांपासून पुरेसे लांब नसले, तर लग्नाच्या हॉलमध्ये माइक स्पीकरसमोर धरल्यावर जी शिट्टी बसते तीच इथे रेडिओ लहरींत बसते. तुम्हाला ती ऐकू येत नाही. टॉवरला मात्र दिवसभर ऐकू येते, आणि त्या टॉवरवरच्या शेकडो लोकांचे फोन त्या गोंगाटात बुडतात.

लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्ल्यांमधली एक तक्रार आमच्याकडे आली होती. एका टॉवरच्या एकाच बाजूचे कॉल तुटत होते. आलेख काढला तर सकाळी साडेदहाच्या सुमाराला गोंगाट चढायचा, रात्री नऊनंतर उतरायचा, आणि सोमवारी रेघ अगदी सपाट. सोमवार पाहिल्यावर आमच्यातल्या पुणेकरांना फार विचार करावा लागला नाही. सोमवारी त्या भागातली दुकानं बंद असतात. गाडीत स्पेक्ट्रम अॅनालायझर, म्हणजे हवेतल्या रेडिओ लहरी मोजायचं यंत्र घेऊन, हातात दिशादर्शक अँटेना धरून गल्लीबोळ पालथे घातले. शेवटी एका साड्यांच्या दुकानाच्या तळघरात, काउंटरच्या वर, गणपतीच्या फोटोशेजारी ते यंत्र टांगलेलं सापडलं. मालक सज्जन होते. 'गिऱ्हाइकाचं गुगल पे चालत नव्हतं हो' म्हणाले. त्यांची अडचण खरी होती, आणि त्यांच्यामुळे समोरच्या वाड्यातल्या दवाखान्याचे फोन लागत नव्हते हेही खरं होतं.

आता तुमच्या मुलाबद्दल. अमेरिकेत ग्राहकाला बूस्टर घेता येतो, कारण तिथल्या दूरसंचार आयोगाने २०१३ मध्ये त्याचे नियम केले. यंत्राने अमुक मर्यादेपलीकडे सिग्नल वाढवायचा नाही, शिट्टी बसू लागली की स्वतःहून बंद व्हायचं, आणि घेणाऱ्याने आपल्या कंपनीकडे त्याची नोंद करायची. १ मार्च २०१४ पासून या नियमांत बसणारीच यंत्रं तिथे विकता येतात. आपल्याकडे अशी व्यवस्थाच नाही, त्यामुळे 'तिकडे चालतं' याला इथे अर्थ नाही.

पण यजमान विचारतात तो प्रश्न अमेरिकेत फार जोरात विचारला गेला आहे. तिथे कंपन्यांनी बूस्टरच्या जोडीला घरगुती छोटा टॉवरच विकायला काढला होता. त्याला फेम्टोसेल म्हणतात. राऊटरएवढा डबा, तो तुमच्या ब्रॉडबँडला जोडायचा, म्हणजे घरापुरता कंपनीचा टॉवर तयार. स्प्रिंटने २००८ मध्ये तो सुमारे १०० डॉलरला दिला आणि वर महिन्याला जवळपास ५ डॉलर लावले. व्हेरायझनने २००९ मध्ये त्याचे २५० डॉलर घेतले, एटी अँड टीने २०१० मध्ये १५०. आता हिशेब बघा. डबा ग्राहकाचा, वीज ग्राहकाची, इंटरनेटचं बिल ग्राहकाचं. आणि एटी अँड टीच्या साध्या प्लॅनवर त्या डब्यातून केलेल्या कॉलची मिनिटंही कापली जात. म्हणजे कंपनीच्या जाळ्यातलं भोक ग्राहकाने स्वतःच्या पैशाने बुजवायचं आणि वर कंपनीला भाडं द्यायचं! लोक चिडले ते योग्यच होतं. पुढे २०१५ मध्ये टी-मोबाइलने तसाच डबा २५ डॉलरच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर दिला. डबा कंपनीचा, ग्राहकाने नुसता वापरायचा. माझ्या मते पहिल्या दिवसापासून हेच व्हायला हवं होतं. ज्यांनी १५० डॉलर मोजले होते त्यांचं काय झालं? फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टीने थ्रीजी बंद केलं आणि त्यावर चालणारे ते डबे कचऱ्यात गेले. कंपनीच्या तंत्रज्ञानावर चालणारी वस्तू ग्राहकाने विकत घेतली की तिचं आयुष्य कंपनीच ठरवते.

मग पैसे कोणी भरायचे? माझा निकष उंबरठ्याचा आहे. उंबरठ्याबाहेर, रस्त्यावर रेंज नसेल तर ती पूर्णपणे कंपनीची जबाबदारी, तिथे आपण एक रुपयाही घालायचा नाही. रस्त्यावर उत्तम रेंज आहे आणि घरात शिरताच मरते आहे, तर दोष तुमच्या भिंतींचा. तिथे थोडा खर्च आपल्या अंगावर येतो, आणि तो मला अन्यायाचा वाटत नाही.

हे तपासायला काड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोनवाला आपापलं ठरवतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'सिम स्टेटस' उघडलं की सिग्नलचा आकडा डीबीएम या ताकद मोजायच्या एककात दिसतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की तसंच पान उघडतं. आकडा उणे असतो. फोरजीवर उणे ९० च्या आसपास असेल तर छान, उणे ११० ला अडचण सुरू, उणे १२० म्हणजे संपलंच. दर दहा आकड्यांना ताकद दहापट बदलते. फाटकाबाहेर उणे ८८ आणि बेडरूममध्ये उणे ११८ दिसलं, तर वाटेत सिग्नलचा हजारावा हिस्सा उरला आहे.

तुमच्या बाबतीत असंच दिसेल अशी मला दाट शंका आहे. नव्या उंच इमारती हल्ली मायवान पद्धतीने बांधतात. अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात, त्यामुळे जुन्या घरात विटांची होती ती भिंतही आता सळईच्या जाळीसकट काँक्रीटची असते. त्यात काचेवर उन्हासाठी धातूचा मुलामा असेल तर खिडकीचीही वाट बंद. 'नेटवर्क ठीक आहे' म्हणणारी कस्टमर केअरची मुलगी रस्त्यापुरतं खरंच बोलत असते.

उपाय बहुधा तुमच्या खिशातच आहे, तो म्हणजे वायफाय कॉलिंग. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये आपल्याकडे ते सुरू केलं. तुमचाच नंबर, साधाच कॉल, समोरच्याला कुठलंही अॅप लागत नाही, फक्त कॉल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून जातो. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर 'वायफाय कॉलिंग' सुरू करा. मग फोन एअरप्लेन मोडवर टाका, नुसतं वायफाय चालू ठेवा आणि यजमानांना फोन लावून बघा. लागला तर काम झालं. आवाजाला डेटा नगण्य लागतो, स्वस्तातला ब्रॉडबँड प्लॅनही पुरतो. बँकेचा ओटीपी त्याच अवस्थेत येतो का, हे मात्र त्याच वेळी तपासून घ्या.

एक खोट आहे. वीज गेली की राऊटर बंद, आणि राऊटरबरोबर तुमचा फोनही मुका. म्हणून राऊटरला लावायचा छोटा यूपीएस घ्या. हजार-दीड हजारात मिळतो आणि दोन-तीन तास काढतो. घरात कोणी वयस्कर एकटं राहत असेल तर हा खर्च टाळू नका. बेडरूमपर्यंत वायफायच पोचत नसेल तर तिथे दुसरा राऊटर लावा. वायफायच्या लहरींचा पट्टा (फ्रिक्वेन्सी बँड) परवान्याविना खुला आहे, त्यात हवी तेवढी यंत्रं वाढवा, कोणी विचारणार नाही.

यजमान यावरही म्हणतील की इंटरनेट तर आपलंच, कंपनीचा कॉल आपण वाहून नेतो. बरोबर आहे. या सोयीतून कंपनीचाही भार वाचतो आणि ती त्याचा बिलात एक पैसा कमी करत नाही. मला ते खुपतं. पण बहुतेक घरांत ब्रॉडबँड आधीच असतं, तेव्हा या वादापायी जिन्यात उभं राहण्यात शहाणपण नाही.

रस्त्यावरही आकडा वाईट निघाला तर मात्र सोडू नका. १९८ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या, त्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. त्याला फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला पत्र लिहू नका, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. तिथेही दाद लागली नाही तर ग्राहक आयोग आहे. मोबाइल सेवेची भांडणं तिथे चालत नाहीत असं कंपन्या पूर्वी म्हणायच्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो मुद्दा निकालात काढला, आता चालतात. आणि या सगळ्याआधी शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम अर्धा तास मागून घ्या. त्यांच्या घरात नीट चालत असेल तर १९०० वर पोर्टचा मेसेज टाका. कंपन्यांना पत्रापेक्षा गेलेला ग्राहक लवकर कळतो.

प्रश्न : आमचं गाव दापोली तालुक्यात, खाली खाडीच्या अंगाला. घरात सोडाच, खळ्यातही रेंज नाही. फोन करायला सड्यावर चढावं लागतं. मुंबईकर मंडळी गणपतीला आली की रोज संध्याकाळी सड्यावर जत्रा भरते. आता वाडीत ठरतंय की घरटी दोन हजार वर्गणी काढून सड्यावर मोठा अँटेना आणि वाडीत बूस्टर बसवायचा. वर्गणी द्यावी का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : त्या कामाला देऊ नका. वर सांगितलेला कायदा वाडीलाही लागू आहे, आणि यंत्र गावाने मिळून घेतलं म्हणून नोटीस कमी कडक येत नाही. शिवाय पहिल्याच पावसाळ्यात वीज पडली की दुरुस्तीला कोण येणार?

वर्गणी काढायचीच तर फायबरसाठी काढा. तालुक्याच्या केबलवाल्याला किंवा बीएसएनएलच्या फायबर जोडणीवाल्याला वाडीतली दहा-बारा घरं एकदम देतो म्हणून सांगा. एका घरासाठी तो खांब टाकत नाही, दहा घरांसाठी टाकेल. एकदा वायफाय आलं की कोथरूडच्या बाईंना सांगितलेलं सगळं तुम्हालाही लागू. चिऱ्याच्या भिंती जाड असतात, तेव्हा राऊटर माजघरात न ठेवता पडवीच्या बाजूला लावा.

पण लक्षात ठेवा, तुमच्या उंबरठ्याबाहेर रेंज नाही. म्हणजे हे देणं तुमच्याकडे लागत नाही, दुसऱ्याकडे लागतं. केंद्राने जुलै २०२२ मध्ये मोबाइल न पोचलेल्या २४,६८० गावांत बीएसएनएलचं फोरजी न्यायला २६,३१६ कोटी मंजूर केले आहेत. तुमचं गाव यादीत आहे की नाही, हे ग्रामपंचायतीने लेखी विचारावं. नसेल तर ग्रामसभेचा ठराव करा. नुसतं 'टॉवर मिळावा' असं लिहिलेले ठराव फायलीत ढिगाने पडून असतात. ठरावात सड्यावरच्या जागेचा गट नंबर घाला, जागामालकाचं संमतीपत्र जोडा, विजेचा खांब किती अंतरावर आहे ते लिहा. टॉवर अडतो तो बहुतेक वेळा जागेवर आणि विजेवर. ती दोन्ही उत्तरं हातात असलेला कागद वरच्या साहेबाला पुढे सरकवायला सोपा जातो. गणपतीला येणाऱ्या मुंबईकरांच्या सह्या घ्यायला विसरू नका. त्यांना वेळ असतो आणि रागही असतो.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. इथे आमच्या घरात तळघरासाठी अधिकृत बूस्टर आहे, उत्तम चालतो. सांगलीला आई-बाबांकडे रेंजचा त्रास आहे. डिसेंबरात येताना तसाच एक बॅगेतून आणला तर?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : आणू नका. कस्टमने अडवला नाही तरी तो इथे उपयोगाचा नाही, आणि उपद्रवाचा मात्र नक्की आहे.

अमेरिकेतला बूस्टर तिथल्या पट्ट्यांसाठी बांधलेला असतो. आपल्याकडे ज्यांवर बरीचशी सेवा चालते ते ९००, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झचे पट्टे त्याला ठाऊकच नसतात. उलट अमेरिकेत १९३० ते १९९० मेगाहर्ट्झ हा टॉवरकडून फोनकडे येणारा पट्टा आहे, म्हणून तुमचं यंत्र तेवढ्या भागात घरात जोराने बोलणार. आपल्याकडे २१०० च्या पट्ट्यात १९२० ते १९८० मध्ये फोन बोलतात आणि टॉवर ऐकतो. म्हणजे सांगलीतला टॉवर जिथे कान लावून बसला आहे, तिथेच तुमचा डबा ओरडणार. आई-बाबांची रेंज वाढायची नाहीच, गल्लीची जाईल.

त्याऐवजी येताना वेळ घेऊन या. बाबांच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग सुरू करून द्या, राऊटर शोकेसच्या आतून काढून वर ठेवा आणि त्याला यूपीएस लावा. एका दुपारचं काम आहे. बहुतेक घरांत हे फक्त कोणी न केल्यामुळे राहिलेलं असतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टॉवर लावायला एक कंपनी तयार आहे, भाडंही देते आहे. सभासद रेडिएशनच्या भीतीने नाही म्हणतात. तेच सभासद रेंज नाही म्हणून माझ्याशी भांडतात. सचिव म्हणून काय करू?
— एक त्रस्त सचिव, ठाणे

उत्तर : राजीनामा देऊ नका, तुमच्यासारखे बरेच आहेत. सभेत दोन गोष्टी सांगा. आपल्याकडे टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, २०१२ पासून. दुसरी गोष्ट लोकांना उलटी वाटते, पण तशी आहे : टॉवर लांब असेल तर फोनला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो फोन तुमच्या कानाला चिकटलेला असतो. तरीही नाही म्हणाले तर इमारतीच्या आत छोटे अँटेना बसवायला कंपनीला विचारा. जिन्यात आणि पार्किंगमध्ये धूर शोधायच्या सेन्सरएवढे डबे बसतात, दिसतही नाहीत. मोठ्या सोसायट्यांत कंपन्या ते स्वखर्चाने करतात. फक्त एकाच कंपनीला कायमचा मक्ता लिहून देऊ नका, नाहीतर बाकी सिमवाले तुमच्याशी भांडायला येतील. आणि गच्ची वॉटरप्रूफ कोण करून देणार ते करारात लिहून घ्या. टॉवरची भांडणं रेडिएशनवरून सुरू होतात, कोर्टात जातात ती गळतीवरून.

प्रश्न : फोनच्या पाठीला लावायचा 'सिग्नल बूस्टर स्टिकर' ९९ रुपयांना मिळतो. फायदा होतो का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : नाही. लावला असेल तर काढा. फोनचं कव्हर धातूचं असेल तर तेही काढून बघा, त्याने थोडा फरक पडेल.